अक्षरी रुपये

माझ्या पहिल्या नोकरीत, २००३ साली, मला स्वतंत्रपणे दिलेलं पहिलं काम म्हणजे रक्कम अक्षरांत लिहिणारं एक फंक्शन, म्हणजे एकच ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. कोल्हापुरात दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही सहाजण, आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर. मुदत ठेवीच्या पावतीवर १२,५७९ असा आकडा आला की त्याच्याखाली ‘अक्षरी रुपये बारा हजार पाचशे एकोणऐंशी फक्त’ असं छापून यायला हवं. काम एवढंच होतं.

इंग्रजीत हे फार पटकन होतं. एकोणीसपर्यंतचे शब्द आणि ट्वेंटी ते नाइंटी हे आठ शब्द हाताशी असले की बाकीचं जोडाजोडीनं भागतं. मराठीत तसं चालत नाही. एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एकाहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव. एकच ‘एक’, पण प्रत्येक दशकात गेला की त्याचं रूप पालटतं. नऊच्या जागी तर सगळीकडे पुढच्या दशकातून एक उणा करायचा, एकोणीस, एकोणतीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. आणि मग अचानक नव्व्याण्णव. एकोणशंभर असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे शंभर शब्द एकेक करून टाइप करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हाचे मराठी फॉन्ट असे होते की कोडच्या खिडकीत ती यादी म्हणजे रोमन अक्षरांचा निव्वळ चिखल दिसायचा. मराठी उमटायचं ते थेट कागदावर.

म्हणून यादी कागदावर छापली आणि तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या कॅशियरकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणत खाली उतरले. ‘त्रेसठ’ खोडून ‘त्रेसष्ट’ केलं. शेवटाला आले आणि म्हणाले, “शंभरचं काय केलंय, ताई?” मी दाखवलं, शंभर म्हणजे शंभर, आणि एकशे एकपासून पुढे एकशे. “आणि एक लाख शंभर?” परत येऊन मशीनवर घालून बघितलं, तर ‘एक लाख एकशे’ आलं. फक्त शंभर हा आकडा एकटा असला तरच मी त्याला शंभर म्हणत होते. मोठ्या रकमेच्या शेपटाला तो आला की त्याचं एकशे होत होतं. काकांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “असं कुणी बोलत नाही बघा. ठेवीदार पावती घरी नेऊन चारचौघांत वाचतो. अक्षर बरोबर पाहिजे.” संध्याकाळी मी ते दुरुस्त करूनच घरी गेले.

त्या फंक्शनवर माझा फार जीव होता. अजून आहे. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला दूध संघाच्या बिलांसाठी तेच हवं होतं, त्याला फाईल दिली. त्यानं त्यातलं हवं तेवढं उचलून आपल्या प्रोग्राममध्ये चिकटवलं. मग एका कॉलेजच्या फीच्या पावत्यांसाठी तिसऱ्यानं त्याच्याकडून घेतलं. मला बरंच वाटायचं. आपण एकदा केलेलं काम दुसऱ्याला पुन्हा करायला लागू नये, यात एक वेगळंच समाधान असतं.

पाच वर्षांनी मी पुण्यात होते, तेव्हा त्या जुन्या ऑफिसातून फोन आला. बऱ्याच संस्थांच्या ठेवींची एकत्र बेरीज दाखवणारा एक अहवाल त्यांनी केला होता, आणि त्यात ‘अक्षरी रुपये’ आणि ‘फक्त’ यांच्या मध्ये काहीच छापून येत नव्हतं. आकडा नीट, अक्षरं गायब. बेरीज किती आहे असं विचारलं, तर एकशे बारा कोटींच्या पुढे. ऐकल्याबरोबर मला सगळं कळलं. कोटींचा भाग मी दोन आकडी धरला होता आणि शंभर शब्दांच्या यादीत त्याचा शब्द शोधत होते. एकशे बारावा शब्द त्या यादीत नाहीच. शब्द नाही सापडला की फंक्शन मुकाट्यानं रिकामी जागा परत द्यायचं.

लिहिताना ही मर्यादा मला माहीत नव्हती असं नाही. पक्की माहीत होती. तालुक्याच्या पतसंस्थेत शंभर कोटींची पावती कोण फाडणार? त्या जागेपुरता तो विचार बरोबरच होता. फक्त तो माझ्या डोक्यात होता, फाईलमध्ये नव्हता. फाईल घेणाऱ्याला तो कळायला काहीच वाव नव्हता.

त्या फोननंतर मी या ‘पुन्हा वापरायच्या कोड’च्या मुळाशी जाऊन वाचायला लागले. हे सगळं सुरू कुठे झालं, आणि ज्यांनी सुरू केलं त्यांनाही हे असंच बोचलं होतं का, हे मला बघायचं होतं.

त्यातली मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट केंब्रिजची आहे. तिथे मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ईडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. पाऱ्यानं भरलेल्या नळ्यांमधून फिरत राहणाऱ्या ध्वनिलहरी ही त्याची मेमरी, आणि ती सुरुवातीला अवघी ५१२ शब्दांची. इथे शब्द म्हणजे एक आकडा किंवा एक आज्ञा मावेल एवढी जागा. प्रोग्राम कागदी फितीवर भोकं पाडून लिहायचा. थोड्याच दिवसांत विल्क्स यांनी स्वतः एक समीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. १२६ ओळींचा, आणि त्यात वीसेक चुका. भोकं पाडायच्या यंत्राकडे जिन्यानं ये-जा करताना त्यांच्या एकदम लक्षात आलं, की उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ आता आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. त्या जिन्यावर मी किती वेळा उभी राहिले आहे, हे माझं मला माहीत.

यावर त्यांचा उपाय असा, की वर्गमूळ, साइन, भागाकार, छपाई असल्या वारंवार लागणाऱ्या गोष्टी एकदाच नीट लिहाव्यात, नीट तपासाव्यात आणि मग सगळ्यांनी त्याच वापराव्यात. बोलायला सोपं. पण ईडसॅकमध्ये ‘तिकडे जाऊन परत ये’ अशी आज्ञाच नव्हती. ‘तिकडे जा’ एवढीच होती. एका प्रोग्रामला वर्गमूळ तीन जागी लागलं तर तिन्ही जागांवरून एकाच तुकड्यात उडी मारता येते, पण काम झाल्यावर त्या तुकड्यानं तिघांपैकी कुणाकडे परतायचं?

हा गुंता सोडवला डेव्हिड व्हीलर यांनी. तेव्हा ते बावीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्यांची युक्ती मी वहीत पेन्सिलनं मांडून बघितली तेव्हा अंगावर काटा आला. उडी मारण्याआधी मुख्य प्रोग्राममधली एक आज्ञा स्वतःलाच उचलून बेरजेच्या खणात ठेवते. त्या आज्ञेच्या पोटातच तिचा स्वतःचा पत्ता असतो. मग उडी. तुकडा जागा झाला की पहिल्यांदा खणातल्या त्या आज्ञेत एक ठरलेली संख्या मिळवतो. संख्या अशी बेतलेली, की बेरजेनंतर ‘उचल’चं ‘जा’ होतं आणि पत्ता दोन घरं पुढे सरकतो. म्हणजे ‘मी जिथून आलो त्याच्या पुढच्या घरी जा’ ही आज्ञा आयती तयार. ती तुकडा आपल्याच शेवटच्या ओळीत लिहून ठेवतो आणि मग कामाला लागतो. घरातून निघतानाच परतीचं तिकीट खिशात. तुकडा मेमरीत कुठेही बसवता यावा म्हणून त्यातले पत्ते ‘माझ्या सुरुवातीपासून पाचवं घर’ अशा धाटणीनं लिहायचे. फीत वाचताना ४१ आज्ञांचा एक छोटासा प्रोग्राम ते खऱ्या पत्त्यांत बदलून घ्यायचा. तोही व्हीलर यांचाच.

या फिती एका पोलादी कपाटात ठेवलेल्या असत. लायब्ररी हा शब्द आज आपण उठता-बसता वापरतो, पण तिथे ती खरोखरच कपाटातली लायब्ररी होती. डी म्हणजे भागाकार, पी म्हणजे छपाई, एस म्हणजे मुळं, टी म्हणजे त्रिकोणमिती. आपल्याला हवी ती फीत काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यायची, आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवून द्यायची. १९५१ पर्यंत त्या कपाटात अशी ८७ रूटीन, म्हणजे तयार तुकडे, जमली होती. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, आणि दुसरीकडे संगणक बांधणाऱ्यांनी ते वाचून आपापली कपाटं भरायला घेतली.

माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढे घडाघडा म्हणत. सात औट किती असं विचारलं तर ‘साडेचोवीस’ हे उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं. साडेतीन गुणिले सात असा हिशेब ते करत नसत. कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलेला हिशेब ते नुसता उचलत. केंब्रिजचं कपाट वाचताना मला आजोबांचा आवाज आठवला. फरक एवढाच की पाढा चुकला तर मास्तर लगेच छडी उगारत. फितीची चूक धरायला शेजारी कुणी नसतं.

नक्कल करण्याचा त्रास अटलांटिकच्या पलीकडेही होताच. हार्वर्डला मार्क वन संगणकावर ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी चांगले चाललेले तुकडे आपापल्या वह्यांत लिहून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना प्रत्येक वेळी पत्त्यांची बेरीज नव्यानं करावी लागे. माणसाला धड बेरीज करता येत नाही आणि धड नक्कलही करता येत नाही, असा निष्कर्ष हॉपर बाईंनी त्यातून काढला, आणि नक्कल उतरवायचं काम मशीनलाच लावावं म्हणून १९५२ मध्ये ए-झिरो हा प्रोग्राम तयार केला. हव्या त्या रूटीनचा क्रमांक द्यायचा. ते शोधून, पत्ते जुळवून, जोडायचं काम तो करणार. आमच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात त्याला पन्नास वर्षं होऊन गेल्यावरही आम्ही वहीवहीतूनच उतरवत होतो. त्यामुळे पुढे कोटींची दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा ती चार ठिकाणी करावी लागली. पाचवं ठिकाण असेल का, याची खात्री आजही नाही.

पण एक मात्र मला १९५२ च्या एका छोट्याशा निबंधानं शिकवलं. त्या वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गला भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या सभेत व्हीलर यांनी सबरूटीनवर, म्हणजे याच तयार तुकड्यांवर, तो मांडला, जेमतेम दोन पानांचा. त्यात ते म्हणतात की लायब्ररीत ठेवायचं रूटीन तयार करायला पुष्कळ मेहनत पडते, आपल्यापुरतं साधं लिहायला लागते त्याहून कितीतरी जास्त. आणि ते लिहून, तपासून झालं तरी एक मोठं काम उरतंच. आतली रचना ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला ते सहज वापरता यावं, यासाठी त्याचं वर्णन लिहिणं. हे शेवटचं कामच कदाचित सर्वांत अवघड, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन. स्वतःची आज्ञा स्वतःच बदलणारा कोड ज्यानं बावीसाव्या वर्षी लिहिला, त्याला वर्णन त्याहून अवघड वाटलं. ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

कारण माझं नेमकं तेच राहिलं होतं. कोड बरोबर होता. काकांनी तपासलेला, शंभर शब्द अचूक. राहिलं होतं एक वाक्य: ‘शंभर कोटी किंवा त्यापुढची रक्कम देऊ नये.’

हेच एक वाक्य न लिहिल्यानं काय होऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण फ्रेंच गयानातल्या कुरू इथलं आहे. ४ जून १९९६. एरियान ५ या नव्या युरोपीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जसंच्या तसं घेतलेलं, वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेलं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या सोळा बिटांच्या छोट्या जागेत बसवायची होती. त्या जागेत ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. अशा सात धोक्याच्या जागा तपासून कोड लिहिणाऱ्यांनी चारच सुरक्षित केल्या होत्या, कारण संगणकावर जास्तीचा भार टाकायचा नव्हता. उरलेल्या तीन संख्या एवढ्या वाढूच शकत नाहीत, हे एरियान ४ च्या वाटेवर खरंच होतं. एरियान ५ मात्र सुरुवातीलाच आडवं जास्त वेगानं जाणारं रॉकेट. सदतिसाव्या सेकंदाच्या आसपास संख्या मावेनाशी झाली आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही त्याच कारणानं बंद पडली. रॉकेट वाकलं, तुटलं, आणि सोबतचे चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. चटका लावणारी गोष्ट अशी, की हिशेबाचा तो भाग उड्डाणाच्या आधीच लागायचा. एरियान ५ ला जमीन सोडल्यावर त्याचा काही उपयोगच नव्हता.

चौकशी समितीच्या अहवालातलं एक वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं आहे. त्या तीन जागा उघड्या का सोडल्या, याचं कारण कोडमध्ये थेट कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, असं त्यात म्हटलं आहे. कारण होतं, विचार केलेला होता, चर्चाही झाली होती. पुढे तो कोड हातात घेणाऱ्याला दिसेल अशा जागी ते नव्हतं. माझी पावती कुठे आणि ते रॉकेट कुठे, पण ती रिकामी जागा मी ओळखते.

म्हणून जी माणसं हे काम मनापासून करतात त्यांच्याविषयी मला अपार आदर वाटतो. हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचत आहात त्यात हार्फबझ नावाची लायब्ररी असण्याची दाट शक्यता आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत ती आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. नाव फारसी आहे. ती काय करते? जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना मी वेलांटी आधी टाइप करायची आणि ‘क’ नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या आजच्या सामायिक पद्धतीत, ‘क’ आधी साठवतात, वेलांटी मागून. पडद्यावर ती उचलून अक्षराच्या अलीकडे ठेवायची ती या लायब्ररीनं. ‘सूर्य’ लिहिताना ‘र’ येतो ‘य’च्या आधी, पण दिसायचा असतो त्याच्या डोक्यावर. आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. तिथला ‘र’ डोक्यावर न जाता आडव्या बारीक रेषेसारखा ‘य’ला चिकटायला हवा. हा मराठीचा बारकावा आहे, हिंदीत याची गरज पडत नाही. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही अशा माणसांनीही तो समजून घेऊन, तपासून, एका जागी नीट बसवून ठेवला आहे. वेलांटीच्या जागी टिंबांचं वर्तुळ दाखवणारे जुने फोन ज्यांनी वापरलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

गेल्या वर्षी आमच्या टीमच्या सामायिक लायब्ररीत मी ‘अक्षरी’ नव्यानं लिहिलं. आता यादी युनिकोडमध्ये आहे. कोडच्या खिडकीत ‘त्रेसष्ट’ हा शब्द ‘त्रेसष्ट’ असाच दिसतो, आणि तो पहिल्यांदा तसा दिसला तेव्हा काकांची पेन्सिल आठवली. शंभर कोटींच्या वरची रक्कमही आता येते, कोटींचा भाग मोठा असला की तो पुन्हा त्याच फंक्शनकडे पाठवून. कोड साठ ओळींचा. एका दुपारी झाला.

वर्णनाला तीन संध्याकाळी लागल्या. अकराशे म्हणायचं की एक हजार शंभर? बोलताना लोक अकराशे म्हणतात, पावतीवर एक हजार शंभर लिहितात. हे फंक्शन पावतीचं आहे, असं लिहिलं. पैसे असतील तर काय, शून्य रुपये असतील तर काय, ‘फक्त’ हा शब्द फंक्शन जोडतं की बोलावणाऱ्यानं जोडायचा. वरची मर्यादा किती आणि का, हे दोन वाक्यांत. मर्यादेपलीकडची रक्कम आली तर रिकामी जागा न देता सरळ एरर द्यायची, हेही. प्रत्येक वाक्य लिहिताना दूध संघाची बिलं करणारा सहकारी आणि तो फोन डोळ्यासमोर होता.

चौथ्या दिवशी टीममधल्या सर्वांत नव्या मुलाला ते वाचायला दिलं. तो दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला, पतसंस्थेची पावती त्यानं कधी हातात धरलेली नाही. त्यानं पूर्ण वाचलं, वर बघितलं आणि विचारलं, “परतावा देताना उणे रक्कम आली तर हे काय छापतं?”

मी फाईल पुन्हा उघडली. काकांच्या खिडकीवर उणे रक्कम कधी आलीच नव्हती.